जाणिवेचा सातबारा

पैसा झाला, कंपन्या झाल्या, निवडणुका हलवून झाल्या, आकाशात उपग्रह सोडून झाले. आता जगातल्या बड्या लोकांना माणसाच्या जाणिवेत रस वाटू लागला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सायकेडेलिक, म्हणजे जाणीव तात्पुरती पालटणारी, द्रव्यं आणि जाणीव यांच्या अभ्यासाचं खास केंद्र उघडलं. त्यासाठीचे १ कोटी ७० लाख डॉलर खासगी खिशांतून आले. देणाऱ्यांत गुंतवणूकदार-लेखक टिम फेरिस होते, वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग होते आणि हेज फंडवाले स्टीव्हन कोहेन यांचं प्रतिष्ठानही होतं. पीटर थील यांनी मशरूममधल्या सायलोसायबिनचं औषध करणाऱ्या कंपनीत पैसा घातला. इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये मुलाखतीत सांगितलं की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केटामीन घेतात. स्टीव्ह जॉब्ज तर एलएसडी या अशाच द्रव्याचा अनुभव आयुष्यातल्या दोन-तीन सर्वांत महत्त्वाच्या गोष्टींत धरायचे.

या माणसांना मनाच्या आत काय शोधायचं आहे, असा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत बसून का विचारायचा? कारण ते जे शोधतात ते उद्या कायदा होऊन, औषध होऊन, बिल होऊन आपल्यापर्यंत येतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणसाला आतून कसं वाटतं ते बदलता आलं, तर बाहेरचं जग बदलावं लागत नाही. आहे ते जग ज्याला सोयीचं आहे, त्याला याहून मोठा शोध कोणता हवा?

हे कुतूहल काही कॅलिफोर्नियात जन्मलेलं नाही. ते आपल्या दारावरून एकदा जाऊन आलेलं आहे. एकेकाळी वणीच्या नावानं अख्खा जिल्हा ओळखला जायचा. इंग्रजांच्या दप्तरात तो ‘वून’ होता, १९०५ मध्ये त्याचं यवतमाळ झालं. त्या काळात, १८९३ मध्ये, सरकारनं गांजा-भांगेची चौकशी करायला एक आयोग नेमला. सात सदस्य, त्यांत तीन हिंदुस्थानी. विलायतेच्या संसदेत प्रश्न उठला होता की हिंदुस्थानातली रयत गांजा ओढून वेडी होते आहे काय. आयोगानं १,१९३ साक्षीदार तपासले. वऱ्हाडातल्या साक्षींनाही अहवालाच्या जाडजूड खंडांत जागा मिळाली.

त्या आयोगाचं एक काम मला आजही मानावंसं वाटतं. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदींत ‘कारण : गांजा’ असं लिहिलेलं असे. आयोगानं एका वर्षाची प्रकरणं पुन्हा उकरली. तेव्हा दिसलं की हे कारण बऱ्याचदा रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसानं ठोकून दिलेलं होतं, डॉक्टरनं तपासून लिहिलेलं नव्हतं. बेताचा वापर सहसा अपाय करत नाही, बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात आला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात एवढा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

पण त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट आहे आणि माझं बोट तिच्यावर आहे. आयोगाच्या प्रश्नावलीत विचारलं होतं की कष्टकरी माणूस थकवा घालवायला, अंगमेहनत सोसायला गांजा घेतो का. उत्तर मिळालं, हो, घेतो. ते नोंदलं गेलं. मग शिफारस झाली ती कराची, परवान्याची आणि लागवडीवरच्या नियंत्रणाची. माणूस एवढा थकतो कशानं, हा प्रश्न आयोगाच्या कक्षेत नव्हता. रयतेच्या डोक्यात काय चाललंय हे राज्यकर्त्यांनी इतक्या बारकाईनं विचारलं आणि त्यातून निघाला महसूल.

आज उकणी, निलजई या खाणींच्या वाटेवर कोळशाचे ट्रक चालवणारा पोरगा तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून रात्र काढतो. भूक मारायला, झोप मारायला. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पानठेल्यावर धाड पडते, खर्रा घोटणाऱ्याला दंड होतो. त्या पोराच्या पाळीचे तास मोजायला मात्र कोणतीही धाड पडत नाही. १८९३ मध्ये न विचारलेला प्रश्न तसाच उभा आहे.

आता अमेरिकेकडे वळू. १९५३ मध्ये सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी ‘एमके-अल्ट्रा’ नावाच्या गुप्त प्रकल्पाला मान्यता दिली. शत्रूच्या माणसाला बोलतं करता येईल का, त्याचं मन मोडून नव्यानं घडवता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. हत्यार म्हणून एलएसडी निवडलं. प्रयोग कुणावर केले? केंटकीतल्या लेक्सिंग्टनला व्यसनी कैद्यांचं सरकारी रुग्णालय होतं. तिथल्या काही कैद्यांना, त्यांत काळे लोक मोठ्या संख्येनं होते, सलग ७७ दिवस एलएसडी दिलं. मोबदला म्हणून त्यांना काय मिळे? ज्या व्यसनातून बाहेर काढायला त्यांना तिथे ठेवलं होतं, तेच अफूजन्य द्रव्य. १९७३ मध्ये या प्रकल्पाची कागदपत्रं नष्ट करण्याचा हुकूम निघाला. जे उरलं ते पुढे सिनेटच्या चौकशीत बाहेर आलं. जाणिवेवरच्या संशोधनाचा आधुनिक इतिहास सांगताना हा अध्याय दोन ओळींत उरकतात. मला तो मधोमध ठेवावासा वाटतो.

दुसरी कथा बँकेतल्या साहेबाची. गॉर्डन वॅसन हे जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष होते. १९५५ मध्ये ते मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, माझातेक आदिवासींच्या डोंगरगावी गेले. तिथे मारिया साबिना नावाची वैदू बाई आजाऱ्यांसाठी रात्रभर गाणी म्हणायची आणि त्या विधीत मशरूम वापरायची. तिनं साहेबाला विधीत बसू दिलं. १९५७ मध्ये साहेबांनी ‘लाइफ’ मासिकात सचित्र लेख लिहिला. लेखात बाईचं नाव बदललं होतं, पण गाव शोधायला लोकांना वेळ लागला नाही. गोऱ्या तरुणांचे तांडे यायला लागले, मागोमाग पोलीस आले, गावकरी बाईवर उलटले आणि तिचं घर जाळलं. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. वॅसन यांच्या १९५६ च्या फेरीत तर सीआयएचा एक रसायनतज्ज्ञ ओळख लपवून सामील होता आणि त्या फेरीला पैसाही त्याच दिशेनं आला होता. या वॅसन यांनीच १९६८ मध्ये वेदांतला सोम म्हणजे एक लाल मशरूम, असं सांगणारं पुस्तक लिहिलं, म्हणून आपल्याकडच्या काही विद्वानांना ते ठाऊक आहेत. मारिया साबिनाचं नाव त्यांच्यापैकी कितीजणांना माहीत असेल?

त्या डोंगरातले मशरूम युरोपात गेले. १९५८ मध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी त्यांतून सायलोसायबिन वेगळं काढलं आणि सँडोझ कंपनीनं ते बाजारात आणलं. साठ वर्षांनी, २०१९ च्या अखेरीस, कंपास पाथवेज या कंपनीला सायलोसायबिनच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर अमेरिकेत पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी तिचे शेअर नॅस्डॅकवर आले. थील यांचा पैसा असलेली कंपनी ती हीच. आपल्याकडे सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढलं यावरून भावाभावांत डोकी फुटतात. इथे एका आदिवासी समाजाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या ज्ञानावर तिसऱ्याचं नाव चढलं आणि माझातेक लोकांचं नाव इतर हक्कांच्या रकान्यातसुद्धा राहिलं नाही.

मध्य आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये इबोगा नावाच्या झुडपाची मुळी ब्विती पंथाच्या दीक्षेत वापरतात. तिच्यातल्या इबोगेन या द्रव्याच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या टेक्सास राज्यानं २०२५ मध्ये ५ कोटी डॉलर मंजूर केले. माजी गव्हर्नर रिक पेरी त्यासाठी जोर लावत होते. कारण सांगितलं ते युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनाच्या जखमांचं. त्या जखमा खऱ्या आहेत, त्या सैनिकांना आराम पडावा असं कुणालाही वाटेल. पण त्यांना त्या युद्धांवर पाठवायला मतं देणारे आणि आता मुळीवर पैसा खर्चणारे एकाच वर्गातले आहेत. जखम भरून काढण्याची विद्या त्यांना हवी आहे. जखम करणारा निर्णय बदलण्याची चर्चा त्या विधेयकात नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं काळंच रंगवता, औषधाचा गुण सांगत नाही. सांगतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले २३३ रुग्ण घेतले होते. २५ मिलिग्रॅम सायलोसायबिन एकदाच घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक उतार दिसला. नाममात्र मात्रा घेतलेल्यांत हा आकडा १८ टक्के होता. ज्याच्या घरात असा आजार आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. त्याआधी २०१६ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांवरचे अभ्यास आले, त्यांत मरणाची धास्ती कमी झालेली दिसली. बड्या लोकांच्या आवडीचं एक साधं कारण मला इथे दिसतं. सगळं विकत घेता येतं आणि मरण टळत नाही. ती भीती माणसाची आहे, तिला मी हसणार नाही. संशोधन व्हावं, जरूर व्हावं. माझा आक्षेप एवढाच आहे की प्रश्न कोण ठरवतो. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं या प्रकारच्या उपचाराच्या चाचणीला पन्नासहून जास्त वर्षांनी पहिल्यांदा पैसा दिला तो २०२१ मध्ये. तोवर देणगीदार ठरवतील त्या वाटेनंच अभ्यास गेला. आणि देणगीदाराच्या मनात मजुराचा थकवा कधी येणार?

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२३ पासून परवानाधारक केंद्रांत सायलोसायबिन मिळू लागलं. एका बैठकीला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. म्हणजे ८० हजारांहून जास्त रुपये. आपल्या रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. भागून पाहा. अडीचशेहून जास्त दिवसांची मजुरी होते, आणि केंद्राच्या मनरेगा कायद्यानं हमी दिली होती ती वर्षाला १०० दिवसांची.

महाराष्ट्रात या विषयावर एक माणूस फार लवकर आणि फार स्पष्ट बोलून गेला. तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. १९६० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांतली हुशार पोरं एलएसडी घेऊन देव दिसला असं सांगत त्यांच्याकडे यायला लागली. बाबांनी १९२५ पासून मौन धरलेलं, खुणांनी बोलायचे. त्यांनी सांगितलं की ही द्रव्यं शरीराला, मनाला आणि आत्म्याला तिघांनाही घातक आहेत, सोडा आणि इतरांनाही सोडायला सांगा. १९६६ मध्ये त्यांचं हे म्हणणं ‘गॉड इन अ पिल?’ या पुस्तिकेतून अमेरिकेत पोचलं. ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड यांच्यासारख्या प्रसिद्ध माणसानंही त्यांचं ऐकलं. बाबांच्या अध्यात्माशी सहमत असा किंवा नसा. मी तो वाद बाजूला ठेवतो. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं आधीचं काम. १९३० च्या दशकात राहुरीला त्यांनी वेड्या ठरवलेल्या माणसांसाठी आश्रम चालवला. त्या माणसांना ते स्वतः आंघोळ घालत, खाऊ घालत, संडास साफ करत. मनाच्या टोकाला पोचलेल्या माणसाबद्दलची त्यांची जिज्ञासा बादलीभर पाणी आणि साबण घेऊन सुरू झाली. आजच्या कोणत्या देणगीदाराकडून एवढी अपेक्षा करायची?

कायद्याकडे बघू. आपला अंमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. एलएसडी ०.१ ग्रॅमहून जास्त सापडलं की ती व्यापारी मात्रा, शिक्षा किमान १० वर्षं, जामीन जवळजवळ अशक्य. मिठाच्या चिमटीहून कमी वजनासाठी कॉलेजातल्या पोराचं तारुण्य तुरुंगात जातं. तेच द्रव्य परदेशी प्रयोगशाळेत गेलं की त्याच्यावर शोधनिबंध येतो. ज्याच्या फुलांची दारू गाळतात त्या मोहाची गोष्ट तर याहून जुनी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांनी मोहफुलं गोळा करू नयेत म्हणून मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास कायदा झाला होता. झाडाखाली पडलेलं फूल उचललं तरी गुन्हा. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदी कायद्यानंही मोहफुलांवर परवान्याची बेडी ठेवली. ती राज्य सरकारनं सैल केली ते २०२१ मध्ये. आमच्या शेजारच्या झरी-जामणीच्या कोलाम आणि गोंड घरांत मोह हा पूजेचा, लग्नाचा, पाहुण्याचा आणि उपासमारीच्या दिवसांचा आधार. त्यांच्या जाणिवेत सरकारला रस होता तो फक्त पंचनाम्यापुरता.

आणि त्याच वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, आपल्या वणीत काय झालं ते आठवा. कोरोनाची दुसरी लाट, दारूची दुकानं बंद. सात माणसं हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर प्यायली आणि मेली. हातावर पोट असलेली माणसं. देशभरच्या वर्तमानपत्रांत वणीचं नाव दोन दिवस छापून आलं. बहुतेकांनी ‘तलफ’ एवढ्याच शब्दात विषय मिटवला. दारूचं व्यसन हा आजार आहे. अचानक तोडली तर शरीर हादरतं, झटके येतात, जीवही जातो. म्हणूनच डॉक्टर ती औषधांच्या आधारानं हळूहळू सोडवतात. दुकानाला कुलूप लावताना कुणी या आजाऱ्यांची यादी केली होती का? त्यांच्यासाठी गोळ्या, एक खाट, एक समुपदेशक ठेवला होता का? पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या सहा वर्षांत वर्धा नदी ओलांडून पिणारे आणि पेट्या नेणारे इकडे येत राहिले, हे वणीत लहान पोरालाही माहीत आहे. बंदी करा, बंदी उठवा, दोन्हींवर मोर्चे निघाले. पिणाऱ्याच्या मनाचं काय, यावर एकही निघाला नाही.

देशातल्या मानसिक आजारांची मोठी पाहणी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केली. बारा राज्यं निवडली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. शेतकरी आत्महत्यांची बातमी ज्या यवतमाळच्या नावानं जगभर गेली, त्याचं राज्यच मोजणीबाहेर राहिलं. जिथे मोजलं, तिथे नैराश्य असलेल्या दहांपैकी आठांहून जास्त लोकांना उपचार मिळत नव्हते. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार : ठाणे, पुणे, रत्नागिरी, नागपूर. विदर्भाच्या वाट्याला एक. वणीहून नागपूर किंवा यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जायचं तर एका बाजूचा प्रवास शंभर किलोमीटरहून जास्त, वर सोबत्याची बुडालेली मजुरी. दर महिन्याला कोण जाईल?

यावर तोडगा अमेरिकेतून आणायची गरज नाही, तो विदर्भात करून झालेला आहे. ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प इथल्या ३० गावांत चालला. त्यात गावातलीच माणसं प्रशिक्षित केली. ती घरोघर जायची, झोप लागते का विचारायची, बसून ऐकायची, साध्या रीतीनं समुपदेशन करायची आणि जड केस असली तर डॉक्टरकडे पोचवायची. अठरा महिन्यांत काय झालं? नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नामांकित नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. त्याच वर्षी गोव्यातल्या चाचणीनंही दाखवलं की डॉक्टर नसलेले, पण नीट शिकवलेले समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्यावर उपयोगी उपचार करू शकतात. या कामाला पेटंट नाही, शेअर बाजारात त्याची नोंद होत नाही आणि कोणताही अब्जाधीश मुलाखतीत त्याचं नाव घेत नाही. कारण इथे समुपदेशकापुढे बसलेली बाई नुसतं ‘उदास वाटतं’ म्हणून थांबत नाही. ती कर्जाचा हप्ता सांगते, कापसाचा भाव सांगते, नवऱ्याचं पिणं सांगते. तिचं मन बरं करायला निघालं की बाहेरच्या दहा गोष्टींना हात घालावा लागतो. सत्तेला नको असतं ते नेमकं हेच.

वणी, मारेगाव आणि झरी-जामणी हे तीन तालुके एकमेकांना लागून आहेत. त्यांत आधी ३० गावं घ्यावीत, प्रत्येक गावात दोन माणसं शिकवावीत आणि वणीच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस मनोविकारतज्ज्ञ बसवावा. दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी तिथेच पाच खाटा राखून ठेवाव्यात. मानसिक आरोग्याच्या सरकारी ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक पानठेल्यावर आणि खाणीच्या प्रत्येक फाटकावर मोठ्या अक्षरात रंगवावा. खाणी, कोळसा आणि सिमेंट यांतून या भागातून जेवढा पैसा बाहेर जातो, त्याच्यापुढे हा खर्च नखाएवढाही नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकमंत्र्यांपुढे ठेवायला एका पानाचा प्रस्ताव पुरेल. ते पान मी लिहून देतो. वणीच्या आमदारसाहेबांनी त्यावर सही करावी आणि तो प्रस्ताव बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणावा.